आईसोबत जॉइंट फ्लॅट घेताय? महाराष्ट्रात आधी हे उरका, मग टोकन द्या

दोघांची नावं ॲग्रीमेंटवर आली की एकाच्या मागे घर आपोआप दुसऱ्याचं होतं, असं मला स्वतःचं घर घेईपर्यंत वाटायचं. होत नाही. बँकेच्या जॉइंट अकाउंटला 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असतं ना, ते डोक्यात बसलेलं असतं आपल्या, आणि आपण तेच घराला लावतो. घरात जेवढा हिस्सा ज्याचा तेवढा त्याच्याच वारसांकडे जातो, आणि वारस कोण हे आपण मनात धरलेलं आणि कायद्यात लिहिलेलं यात बराच फरक असतो. म्हणून हे लिहितेय. आम्ही पुण्यात रीसेल फ्लॅट घेतला, मी आणि आई, ८० लाखांचा, ४० आईचे (तिने तिच्या नावावरचा जुना फ्लॅट विकला) आणि ४० माझं लोन. खालचे आकडे त्यावरूनच आहेत, तुमचे वेगळे असतील पण हिशोब तसाच लागेल.

सगळ्यात आधी, फ्लॅट बघायच्याही आधी: भावंडांना बसवा

हे एजंट सांगत नाही, बँकही सांगत नाही. आईचे पैसे तुमच्या घरात जाणार असतील तर तुमच्या भावाबहिणींना ते आधी कळलं पाहिजे, नंतर नाही. मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला आणि ते "बरं" मला चांगलं माहितीय. मग सगळे समोरासमोर बसलो, वहिनी आणि माझा नवरा पण, आणि एक वही घेऊन आईलाच विचारलं की तुझं म्हणणं काय. आई म्हणाली, "अगं मला राहायला खोली हवी आणि माझ्या माघारी तुमचं भांडण नको, बाकी तुम्ही बघा." 'बाकी तुम्ही बघा' यातच सगळं असतं हो.

वहीत आम्ही एवढंच लिहिलं: कोण किती घालणार, मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स कोण भरणार, आईच्या आजारपणाचा मोठा खर्च आला तर घराच्या हिशोबात धरायचा की नाही (नाही धरायचा, तो दादा आणि मी निम्मा निम्मा), आणि कोणाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा हिस्सा आधी घरातल्या माणसाला विचारायचा. हा शेवटचा मुद्दा फालतू वाटतो पण सहमालक आपला हिस्सा दुसऱ्याची परवानगी न घेता विकू शकतो, आणि वाटप मागायला कोर्टातही जाऊ शकतो, फ्लॅट काही कापून देता येत नाही म्हणजे शेवटी विकूनच पैसे वाटायचे. नंतर वकिलाकडून हेच नीट समजुतीच्या करारात उतरवून घेतलं.

हिस्सा टक्क्यात लिहा, ॲग्रीमेंटमध्येच

ही पायरी निवांत वाचा. ॲग्रीमेंटमध्ये नुसती दोन नावं असली आणि हिस्सा लिहिलेला नसला तर कायदा आधी बघतो की पैसे कोणी किती घातले, त्या प्रमाणात हिस्सा, आणि त्याचाही पुरावा नसेल तर समान धरतो. म्हणजे वीस वर्षांनी कोणीतरी जुनी पासबुकं शोधत बसणार. त्यापेक्षा वकिलाला सांगून एक वाक्य घालून घ्या की खरेदीदार क्रमांक एक यांचा इतके टक्के आणि क्रमांक दोन यांचा इतके टक्के अविभक्त हिस्सा राहील. टाइप केलेल्या मसुद्यात हे वाक्य बहुतेक नसतंच, आमच्याही नव्हतं, दोनदा सांगून घालून घेतलं.

पण किती टक्के? इथे आमचं थोडं वाजलं. दादाचं म्हणणं सरळ होतं, ऐंशीतले चाळीस आईचे, निम्मं आईचं. माझं म्हणणं, अरे माझे चाळीस म्हणजे चाळीस नाहीत ना, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं लोन म्हणजे महिना साधारण ३४,७०० चा हप्ता, शेवटपर्यंत भरले तर ८३ लाखांच्या वर जातात, मग निम्मं कसं. दोघंही बरोबरच होतो. शेवटी नवऱ्याने एक गोष्ट मांडली ती सगळ्यांना पटली, की व्याज म्हणजे मी घर आधी वापरतेय त्याचं भाडं समजा, आईने तर तिची सगळी पुंजी पहिल्याच दिवशी दिली, तिचंही व्याज बुडालंच ना. मग ५०-५०. तुम्ही वेगळं ठरवा, काही हरकत नाही, फक्त बोलून ठरवा आणि कागदावर आणा.

पैसे मात्र ज्याचे त्याच्या अकाउंटमधून थेट विकणाऱ्याला जाऊ द्या. आईच्या खात्यातून माझ्या खात्यात आणि मग पुढे, असं करू नका, हिस्सा कोणाचा हे दाखवायला मग कसरत करावी लागते. कॅश तर बिलकुल नाही, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त कॅश घेतली की घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो.

अजून एक, काही जण सगळे पैसे स्वतः भरून घर नुसतं वडिलांच्या नावावर घेतात, आदर म्हणून. बेनामी कायद्यात (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं अशा व्यवहारांवरचा कायदा) आईवडील, भाऊ-बहीण यांच्या बाबतीत सूट आहे पण ती स्वतःचंही नाव जॉइंट मालक म्हणून कागदावर असेल आणि पैसा उघड उत्पन्नातला असेल तर. म्हणून तुमचं नाव असू द्या. आत्या, मावशी, काका त्या यादीत नाहीत, त्यांच्यासोबत घेताना ज्याचे पैसे त्याचंच नाव आणि तेवढाच हिस्सा, याच्या बाहेर जाऊ नका.

कोणाची नावं टाकायची, यात ८० हजार होते

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आधी अशी अट होती की १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढली. पुणे शहरात सगळे अधिभार धरून ७ टक्के लागतात, आम्हाला दोघी बायका म्हणून ६, म्हणजे ८० लाखांवर ५ लाख ६० हजारांऐवजी ४ लाख ८० हजार. रजिस्ट्रेशन फी वेगळी, ती एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार.

गंमत अशी की बँकेतल्या माणसाने सहज सांगितलं, "मॅडम सरांचंपण नाव टाका ना, लोन वाढून मिळेल." नवऱ्याचं नाव मालक म्हणून आलं असतं तर सवलत गेली असती, एकही पुरुष जॉइंटमध्ये असला की मिळत नाही. मग आम्ही त्याला फक्त सहकर्जदार केलं, मालक नाही. याचा तोटा असा की मालक नसलेल्याला होम लोनवरची इन्कम टॅक्स सूट मिळत नाही, हप्ता त्याने भरला तरी. आमचं सगळ्यांचं नवीन रेजीम आहे आणि त्यात राहत्या घराच्या व्याजाची सूट तशीही नाही, त्यामुळे आम्हाला फरक पडला नाही. तुम्ही जुन्या रेजीममध्ये असाल तर आधी हिशोब करा, तिथे प्रत्येक सहमालक-सहकर्जदाराला व्याजावर २ लाखांपर्यंत आणि मुद्दलाला दीड लाखाच्या मर्यादेत, आपापल्या हिस्स्याप्रमाणे मिळतं.

आई आणि मुलगा घेत असतील तर ही सवलत सोडून द्या, सवलतीसाठी घर एकट्या आईच्या नावावर करून मुलाने हप्ते भरायचे हा उद्योग नको, वर बेनामीचं सांगितलंच.

लोन आणि वय

बँका साधारण नोकरदाराचं कर्ज साठीपर्यंत आणि व्यवसायवाल्याचं पासष्ट-सत्तरीपर्यंत फिटलं पाहिजे असं बघतात, बँकेगणिक थोडं इकडेतिकडे. आई ६४ ची. तिची पेन्शन उत्पन्नात धरली तर मुदत तिच्या वयावर येणार, समजा सत्तरीपर्यंत म्हणजे सहा वर्षं, आणि ४० लाख सहा वर्षांत म्हणजे महिना ७१ हजार! म्हणून तिचं उत्पन्न धरूच नका असं आम्ही लेखी दिलं, माझ्या आणि नवऱ्याच्या पगारावर २० वर्षं मिळाली. फॉर्म भरताना हे आपण सांगायचं असतं, सेल्सवाला उत्पन्न जास्त दिसावं म्हणून सगळ्यांचं टाकून मोकळा होतो.

पण मालक आहे म्हणून आईला सहकर्जदार व्हावंच लागलं, बँका सहसा सगळ्या सहमालकांच्या सह्या घेतात. म्हणजे कागदोपत्री माझं काही बरंवाईट झालं तर सगळं ४० लाखांचं कर्ज नवऱ्यासोबत आईच्याही मानेवर. हे तिला समजावून सांगितलं आणि त्याच आठवड्यात मी टर्म इन्शुरन्स घेतला. बँक लोनसोबत जो सिंगल प्रीमियमचा विमा गळ्यात मारते तो आईच्या वयावर काढला तर महाग पडतो आणि उपयोगही कमी, हप्ता जो भरतो त्याचा विमा हवा, एवढं साधं आहे.

मावशी-आत्या-काका असं नातं असेल तर आधी बँकेला फोन करून विचारा, टोकन द्यायच्या आधी. बऱ्याच बँकांना सहकर्जदार म्हणून नवरा-बायको, आईवडील आणि मुलं हीच नाती चालतात.

आणि स्वतःची जमवाजमव धरून ठेवा: ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, त्यावर गेलात की ७५ टक्के, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते खिशातून.

जुनं घर विकून आलेला पैसा

ज्येष्ठ माणूस जुनं घर विकून नव्यात पैसे घालत असेल तर कॅपिटल गेन टॅक्सचं बघाच. जुनं विकल्यापासून दोन वर्षांत (किंवा विकायच्या आधीच्या एका वर्षात) नवीन घेतलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर टॅक्स लागत नाही, पण नव्या ॲग्रीमेंटवर त्या माणसाचं नाव पाहिजे. आईने जुना फ्लॅट विकून पैसे मुलाला देऊन टाकले आणि नवं घर फक्त मुलाच्या नावावर, तर आईची सूट अडकू शकते. रिटर्न भरायची तारीख मध्येच आली आणि घर अजून ठरलं नसेल तर तो पैसा कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात ठेवायचा, साध्या एफडीत नाही. आणि नवीन घर तीन वर्षांत विकू नका, सूट फिरते.

टीडीएस

५० लाख किंवा वरच्या घराला विकणाऱ्याचे पैसे देताना १ टक्का कापून सरकारला भरायचा. जॉइंटमध्ये लोक म्हणतात की आमचे प्रत्येकी ४० लाखच, लागत नाही. लागतो, पूर्ण किंमत बघतात, ऑक्टोबर २०२४ पासून तर कायद्यातच स्पष्ट केलंय. मी ४० हजार, आईने तिच्या पॅनवर वेगळे ४० हजार. आईचा पॅन-आधार लिंक आहे ना तेही बघा, विकणाऱ्याचाही.

रजिस्ट्रेशनचा दिवस

नावाचं स्पेलिंग एक महिना आधी तपासा. आईच्या आधारवर पूर्ण नाव, पॅनवर मधल्या नावाचं नुसतं अक्षर, पेन्शनच्या कागदावर नावापुढे 'बाई'. तिन्ही एकच बाई आहे हे बँकेला पटवायला ॲफिडेव्हिट करावं लागलं.

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा मशीनवर घेतात. आयुष्यभर भांडी घासून आईच्या बोटांच्या रेषा गेल्यात, मशीन लाल दिवाच दाखवत होतं, तिथल्या ऑपरेटर मुलीने आईचा अंगठा स्वतःच्या ओल्या रुमालाने पुसला, दाबला, परत पुसला, पाचव्यांदा लागला. मागे रांग. आई सगळ्यांना सॉरी म्हणत होती. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या, पाण्याची बाटली, औषधाची वेळ सांभाळा, आणि ज्यांना खरंच हलता येत नाही त्यांच्यासाठी अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करायची सोय कायद्यात आहे, त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. व्हीलचेअर उचलून जिने चढवू नका कोणी.

नंतर इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा) हातात आला की पहिलं काम म्हणजे त्यावर दोन्ही नावं आणि रजिस्टर झालेल्या ॲग्रीमेंटमध्ये टक्के बरोबर आलेत का बघायचं. आणि नवीन बिल्डिंग असेल तर महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट बघा, आणि ॲग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, त्याने मागितले तरी.

सोसायटी, नॉमिनी आणि तो मोठा गैरसमज

शेअर सर्टिफिकेटवर दोघींची नावं घेतली, आईचं पहिलं, आणि नॉमिनेशनचे फॉर्म भरले. इथे सेक्रेटरी काका म्हणाले, "झालं, आता काळजी नाही, नॉमिनी लावलाय." नाही हो काका. नॉमिनी हा सोसायटीने कोणाशी बोलायचं एवढ्यापुरता असतो, मालक वारसच. फॉर्म जरूर भरा, पण त्यावर विसंबू नका.

मग वारस कोण? हिंदू वारसा कायदा १९५६ लागू असेल तर (बाकी धर्मांचे नियम वेगळे आहेत, ते वकिलाला विचारा) मृत्युपत्र नसताना असं होतं:

आई गेली तर तिचं निम्मं मी, दादा आणि वडील असते तर तेही, समान. म्हणजे दादा माझ्या घरात पाव हिस्स्याचा मालक.

मुलगा गेला तर त्याची बायको, मुलं आणि त्याची आई, समान. वडील नाहीत! वडिलांसोबत घर घेतलेल्या मुलांनी हे परत वाचा, वडिलांनी आयुष्याची पुंजी घातली तरी मुलाच्या हिश्शात त्यांना काही नाही, आई, बायको, मुलं यातलं कोणीच नसेल तरच त्यांचा नंबर.

आणि मी गेले तर? माझं निम्मं नवरा आणि मुलीकडे. ते दोघं नसते तर नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे सासरी, आणि त्यांच्याकडेही कोणी नसेल तेव्हा कुठे माझ्या आईवडिलांचा नंबर. लग्न झालेल्या बाईने स्वतः कमावलेलं सासरी जातं आणि जिच्यासोबत घर घेतलं ती आई शेवटी! वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, "नक्की?"

म्हणून मृत्युपत्र, दोघांचं

नुसतं म्हाताऱ्या माणसाचं नाही. मुलं आईला सांगतात विल कर आणि स्वतः करत नाहीत, हे मला पटत नाही. आम्ही दोघींनी एकाच दिवशी केलं. आईने तिचा हिस्सा मला दिला आणि त्यात लिहिलं की मी दादाला ठरलेली रक्कम तीन वर्षांत द्यायची, दादाच्या समोर वाचून दाखवलं. माझ्या विलमध्ये मी लिहिलं की माझ्या हिस्स्यात मालकी मुलीची, पण आई जिवंत असेपर्यंत तिला तिथे राहायचा हक्क, कोणी काढायचं नाही.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, साध्या कागदावर चालतं, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा, फी नाममात्र आहे. दोन साक्षीदार लागतात आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, त्यांच्या नवरा-बायकोलाही नाही. वय जास्त असेल तर डॉक्टरचं त्याच दिवसाचं सर्टिफिकेट लावा की माणूस शुद्धीत आणि समजून सही करतोय.

काही जण म्हणतात विल कशाला, बक्षीसपत्र करून टाका आत्ताच, आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (वर स्थानिक अधिभार वेगळा). खरंय, स्वस्त आहे, पण उलट दिशेने, मुलाने आईला दिलं तर २०० नाही, ३ टक्के. आणि मावशीने भाचीला दिलं तर तेही नाही, पुरती ड्युटी. शिवाय लोन चालू असताना बँकेची एनओसी लागते. माझं स्वतःचं मत, ज्येष्ठांनी जिवंतपणी सगळं नावावरून काढून देऊ नये. द्यायचंच असेल तर सांभाळायची अट बक्षीसपत्रातच लिहा, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं, पण अट कागदावर नसेल तर सगळं अवघड होतं.

घर बघताना टेप घेऊन जा

हे खरं तर वर यायला हवं होतं, पण मी कागदांतच अडकले. बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा, वॉकर आत जातो का. लिफ्टमध्ये माणूस आडवा जाईल का आणि लाइट गेल्यावर ती चालते का. आईची खोली संडासाच्या जवळची, हॉलजवळची नको, तिला दुपारी झोप लागते. आम्ही सगळे कागद बघितले आणि हेच विसरलो, बाथरूमच्या दारात दोन इंचाचा उंबरा निघाला, पझेशन घेतल्यावर पहिलं काम तो फोडून सरळ करायचं केलं, गवंडी म्हणाला ताई पाणी बाहेर येईल. येतं. पुसते मी.